हुंकारापुरती जागा

गिरगाव, मुंबई
ता. २० नोव्हेंबर १९३३

ती. रावजीमामांच्या आणि मामीच्या पायांशी गंगारामाचा नमस्कार.

गावाकडे निघालेल्या धाकूबरोबर एक पेटी आणि तबकड्यांचा गठ्ठा पाठवला आहे. पेटी फोनोची आहे. दुकानात जुनी झाली म्हणून शेटजींनी मला दिली, पण चालते उत्तम. चावी हळू द्या. दर बाजूला नवी सुई लावा. सुयांची डबी झाकणात आहे.

तबकड्यांचे काम सुरू झाल्याचे दसऱ्याच्या सुमारास कळवले होते, त्या याच. तबकड्यांवर गाणी नाहीत. एका गडाच्या वेढ्याची गोष्ट आहे, इतिहासातली, आणि ती सांगणारा मी आहे. आजवर मी दुकानात तबकड्या बांधून देत होतो हे तुम्हांला ठाऊक आहे. यंदा शेटजींनी स्वतःच्या तबकड्या काढायचे मनावर घेतले. गोदामात मी हमालांना गोष्ट सांगत असताना त्यांनी दाराआडून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावले. लोकांना हल्ली इतिहास हवा असतो, पण पुस्तक उघडायला नको असते, असे त्यांचे म्हणणे. हा संच लोकांना आवडला तर दुसरा निघेल आणि तोही माझ्याच आवाजात. नाही तर मी परत गोदामात.

म्हणून मागणे असे, की ऐकून तुमच्या हातचा दोन ओळींचा अभिप्राय पाठवा. ठिकठिकाणच्या श्रोत्यांचे अभिप्राय शेटजी पुस्तिकेत छापणार आहेत. रत्नागिरीचा एक हवाच.

मामीला जवळ बसवून ऐकवा. आई गेल्यावर तिच्या मांडीशी बसूनच मी गोष्टी सांगायला शिकलो. ती तांदूळ निवडायची, मी सांगायचो, ती हुंकार द्यायची. हुंकार थांबला की समजायचे, गोष्ट लांबली. आता तिला काय वाटते ते कळू द्या. नेहमीप्रमाणे पत्राखाली तिची एक ओळ लिहा, आणि शब्द तिचेच ठेवा. मागच्या वेळी तुम्ही सुधारले होते ते मला समजले.

तुमचा
गंगाराम


पेठकिल्ला, रत्नागिरी
ता. ६ डिसेंबर १९३३

चि. गंगाराम यास रावजीमामाचा आशीर्वाद पोचावा.

पेटी मिळाली. धाकूने ती बंदरावर शेजारच्या तुळसाच्या नवऱ्याजवळ दिली आणि धाकू तसाच राजापूरच्या वाटेला लागला. घरी आला नाही. पेटीचा एक कोपरा चेपला आहे. तो आधीचाच की धाकूने चेपला ते कळव, म्हणजे उद्या माझ्यावर येणार नाही. इथली हवा खारी. लोखंडाचे काय होते तुला माहीत आहे. मी ती घोंगडीत गुंडाळून फळीवर ठेवतो, तरी झोपताना उठून एकदा पाहतो.

अभिप्राय मागितलास. मी मराठी चौथी शिकलेला. कचेरीत पट्टेवाला म्हणून जन्म गेला, साहेबांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले, त्यांत काय लिहिले होते ते वाचले नाही. इतिहासावर मी काय बोलावे? पण तू विचारलेस आणि मला गप्प राहवत नाही, म्हणून लिहितो.

शत्रूचा सरदार दर तबकडीत हसतो. एवढा हसत बसला तर वेढा कोण घालत होते? तुळसा म्हणाली, "ह्या मेल्याला कोनी पानी द्या रे, ठसका लागंल." तलवारी वाजतात त्या चुलीपुढे पळ्या सांडल्यासारख्या वाजतात. गडाचा हवालदार बायकोशी बोलतो तेही ओरडूनच. घरातली दोन माणसे, दाणागोटा संपलेला, अशा वेळी माणूस हळू बोलतो. माझे आजोबा पेशवाई बुडाली तेव्हा पोरगे होते. त्यांना मी एकदा विचारले, त्या दिवशी काय झाले हो? म्हणाले, "काय व्हायचं? किल्ल्यावरचं निशाण बदललं. आई म्हनाली, गुरं सोड." तुझ्या तबकड्यांत गुरे कोणीच सोडत नाही.

पहिल्या दिवशी आळीतली माणसे पडवीत ऐकायला बसली होती. तू गडाच्या देवीला हाक मारून आवाज चढवलास, तेव्हा धोंडूचे हात आपोआप जुळले. देवळात गाऱ्हाणे तोच घालतो. त्याने "व्हय म्हाराजा" म्हटले, मागोमाग सगळ्यांनी म्हटले. पण तोवर तू कुठल्या कुठे गेला होतास. माणसे ओशाळली. नंतर कोणी हुंकारसुद्धा दिला नाही.

माझे मुख्य म्हणणे हेच आहे. तू थांबत नाहीस. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा तर त्याला जागा नको का? तू लहानपणी असा नव्हतास. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली आहे. एवढी लागायचे कारण नाही, पण लागली.

मामी ठीक आहे. ऐकते. तिची ओळ पुढच्या पत्रात.

रावजी


गिरगाव, मुंबई
ता. २२ डिसेंबर १९३३

ती. मामांस गंगारामाचा नमस्कार.

पत्र वाचले. कोपरा आधीचाच चेपलेला आहे, तुम्ही निश्चिंत असा.

तुमचे पत्र शेटजींना दाखवू नये असे वाटत होते, पण त्यांनीच मागितले. शत्रूच्या हसण्यावरचे वाचून ते पुष्कळ हसले आणि म्हणाले, "तुझे मामा गमतीचे आहेत, पण हे छापायचे कुठे?"

थांबण्याबद्दल सांगतो. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत भरते. तेवढ्यात वेढा पडायचा, फितुरी व्हायची, दरवाजा उघडायचा. लाल दिवा लागला की बोलायचे आणि विझायच्या आत संपवायचे. मधे थांबलो तर गिऱ्हाइकाला वाटते यंत्र बंद पडले. शेटजींनी सांगून ठेवले आहे, एक श्वाससुद्धा रिकामा नको.

तुम्ही जुन्या चालीने ऐकता. इथे लोक चहा पीत, वर्तमानपत्र चाळत ऐकतात. हुंकार कोण देतो? दोनच ओळी लिहा, मामा. "गोष्ट स्फूर्तिदायक आहे, आवाज खणखणीत आहे," एवढे पुरे. माझी गरज आहे म्हणून मागतो.

मामीची ओळ नाही. असे कधी झाले नव्हते. गणपतीला आलो नाही म्हणून रागावली का? शिमग्याला नक्की येतो म्हणावे.

गंगाराम


पेठकिल्ला, रत्नागिरी
ता. १५ जानेवारी १९३४

चि. गंगारामास आशीर्वाद. काल संक्रांत झाली. तिळगूळ तुळसाने आणून दिला, त्यातला चिमूटभर कागदात घातला आहे. विरघळला नसेल तर खा.

तू म्हणतोस तसे दोन ओळी लिहायला बसलो होतो. "स्फूर्तिदायक" एवढे लिहिले आणि हात थांबला. खोटे लिहिलेले साहेबाच्या टेबलावर कितीदा नेले असेल, तेव्हा काही वाटले नाही. आता वाटते. वय झाले की असल्या नको त्या अडचणी येतात.

एक चूक झाली आहे, ती कळवतो. तिसऱ्या तबकडीला ओरखडे गेले. हवालदाराची बायको तटावर जाते, ती बाजू. मी मधेमधे सुईचा दांडा उचलून धरत होतो, थोडा वेळ गेला की परत ठेवायचो. हात कापतो माझा. ठेवताना सुई घसरायची आणि कर्र आवाज यायचा. तुळसा म्हणाली, "बाबा, तबकडी हाय ती, शेत न्हाय नांगरायला." पण मी करतच राहिलो. आता ती बाजू पुढेच सरकत नाही. शेटजींना सांगू नकोस. मला चार दिवस जेवण गेले नाही.

का उचलत होतो ते विचारू नकोस. म्हाताऱ्याचा चाळा म्हण.

शिमग्याला यायची फार धडपड करू नकोस. काम असेल तर तिकडेच राहा. शेटजींची मर्जी सांभाळावी. ओळ या वेळीही राहिली. ती रागावलेली नाही, हे मात्र खरे लिहितो.

रावजी


गिरगाव, मुंबई
ता. ८ मार्च १९३४

मामा, नमस्कार.

शिमग्याला आलो नाही. शेटजींनी त्याच दिवसांत बाहेरगावचे दुकानदार बोलावले होते आणि त्यांच्यापुढे मला गोष्ट सांगायला उभे केले. पालखी दारात येते तेव्हा घरचा मुलगा घरी नाही, याचे काय होते ते मला कळते. आळीतले सगळे मुंबईकर आले असतील. मी तेवढा नव्हतो.

आळीतला बाबल्या गावाहून परत आल्यावर त्याला भेटायला गेलो. मामी कशी आहे विचारले तर म्हणाला, "आंबा यंदा बरा धरलाय." पुन्हा विचारले तर चहा सांगायला उठला. तेव्हा समजलो. तिने माझे नाव टाकले आहे आणि तुम्ही दोघांमध्ये अडकून पडला आहात. ओळ का येत नाही तेही समजलो.

एक लुगडे घेऊन ठेवले आहे, हिरवे, तिला आवडते तसे. पाठवावे की नाही ते कळत नाही. तिने परत केले तर मला सोसणार नाही. खरे काय ते एकदा लिहा, मामा. अभिप्राय राहू द्या.

गंगाराम


पेठकिल्ला, रत्नागिरी
ता. २१ मार्च १९३४

चि. गंगाराम यास आशीर्वाद.

तू असे काही मनात आणशील हे मला सुचले नव्हते. मी सतरा काळज्या केल्या, त्यांत हीच राहिली.

ऐक. दसऱ्याच्या सुमारास मामी विहिरीवरून येताना पडली. घागर फुटली म्हणून मी आधी तिच्यावर ओरडलो. मग पाहिले तर तिची उजवी बाजू गेली होती आणि तोंड वाकडे झाले होते. डॉक्टर आले. अर्धांगवायू. तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. तिची वाचा गेली. समजते सगळे, डोळ्यांनी सगळे बोलते, पण शब्द येत नाही. डॉक्टर म्हणाले, जे निघेल ते निघू द्या, तिला गप्प पडू देऊ नका.

तुला लिहिले नाही, कारण तुझे पत्र आले होते की तबकड्यांचे काम सुरू झाले. लिहिले असते तर तू ते टाकून आला असतास आणि तुझे झालेले बिघडले असते. आळीतल्या सर्वांना मी देवीची शपथ घातली. बाबल्याने ती पाळली, तर त्याच्यावर रागावू नकोस. चूक की बरोबर मला ठरवता येत नाही. रोज ठरवतो आणि रोज मोडतो.

आता तबकड्यांचे सांगतो. पेटी आली तेव्हा मी ती तिच्या उशाशी ठेवली. तुझा आवाज ऐकून तिचे डोळे कसे झाले ते मला लिहिता येणार नाही. आणि तिने हुंकार द्यायला तोंड उघडले. तिला वेळ लागतो, गंगाराम. घशात जमवावे लागते. ती जमवीत होती, तोवर तू पुढे गेलास. तिने पुन्हा जमवले, तू पुन्हा पुढे. दोन तबकड्या असे झाले. मग तिने तोंड भिंतीकडे केले. म्हणून मी तुला तसे लिहीत होतो. म्हणून सुई उचलीत होतो, की तेवढ्यात तिचा हुंकार येईल. पण मी उचलली की आवाज तुटायचा, ती दचकायची, आणि काहीच यायचे नाही.

ओरखडे गेल्यावर ती तबकडी मी फळीवर टाकून दिली होती. पालखीच्या दिवशी आळी सगळी बाहेर नाचत होती, ढोल वाजत होते. पालखी आमच्या अंगणात टेकली तेव्हा तुळसाने मामीचा हात धरून पालखीला वाहायच्या नारळाला लावला. सगळे गेल्यावर घर फार रिकामे वाटले, म्हणून मी हाताला येईल ती तबकडी लावली. तीच निघाली. हवालदाराची बायको तटावर जाते, खाली पाहते, आणि तू म्हणतोस, "मग काय झालं?" तिथे सुई अडकली. "मग काय झालं, मग काय झालं, मग काय झालं." मी बंद करायला उठलो. गुडघे धरले होते, उठायला वेळ लागला.

तेवढ्यात ती म्हणाली, "हं."

मी बोटाने सुई पुढे ढकलली. तू पुढे चार वाक्ये बोललास आणि परत अडकलास. पुन्हा तेच, तू वाट पाहत राहिलास. तिने पुन्हा हुंकार दिला. सगळी बाजू आम्ही अशी संपवली. तुळसा दारात उभी होती. म्हणाली, "आता कसा शहान्यासारखा सांगतोय."

तेव्हापासून रोज तीच बाजू लागते. कधी हुंकार येतो, कधी येत नाही. मी थकलो आहे. तिला वळवताना माझीच कंबर धरते. लुगडे पाठव. ती परत करणार नाही.

रावजी


गिरगाव, मुंबई
ता. ४ एप्रिल १९३४

ती. मामा,

तुमचे पत्र घेऊन चौपाटीवर जाऊन बसलो. तुमच्यावर फार राग आला. मग आठवले, की घागरीवरून तिच्यावर ओरडल्याचेसुद्धा तुम्ही लपवले नाही. राग गेला.

माझेही एक सांगायचे राहिले होते. शेटजींनी सांगितले म्हणून मी थांबत नाही, हे अर्धेच खरे. त्या खोलीत चारी बाजूंना घोंगड्या टांगलेल्या असतात, समोर आवाज टिपणारी लोखंडाची चकती, काचेपलीकडे एक माणूस घड्याळाकडे पाहत असतो. पहिल्या दिवशी मी सवयीने थांबलो. समोरून काहीच आले नाही. त्यानंतर मी थांबायचेच सोडले. थांबलो नाही म्हणजे हुंकार आला नाही हे कळत नाही.

आता अडचण सांगतो. बाहेरगावचे अभिप्राय चांगले आले. दुसरा संच ठरला आहे. मे महिन्यात ध्वनिमुद्रण. त्याआधी महिनाभर शेटजी रोज तालीम घेणार. मी आत्ता गावी आलो तर ते काम नाटक मंडळीतल्या एका गृहस्थाकडे जाईल. त्यांचा आवाज माझ्याहून मोठा आहे. शेटजी वाईट नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि मे संपला की पावसाळ्यासाठी आगबोटी बंद.

येऊ की राहू? तुम्ही सांगू नका, मामा. तुम्ही राहाच म्हणाल. मामीला विचारा आणि तिची ओळ लिहा. शब्द तिचेच ठेवा.

नवी तबकडी पाठवू का? तिला ओरखडा नसेल.

गंगाराम


पेठकिल्ला, रत्नागिरी
ता. १२ एप्रिल १९३४

चि. गंगाराम यास रावजीमामाचा आशीर्वाद.

नवी तबकडी पाठवू नकोस. ती थांबणार नाही.

लुगडे मिळाले. तुळसाने तिला गुंडाळले. हिरवे चांगले आहे, रंग मात्र जाईलसे वाटते. पहिल्या पाण्यात मीठ घालायला सांगितले आहे.

तुझे पत्र आल्यापासून मला चैन नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. तू आलास तरी ती उठून बसणार नाही. तू गोदामात गेलास तर जन्मभर पेट्या उचलशील, मी कागद उचलले तसे. मोठ्या आवाजाच्या माणसाला एकदा जागा मिळाली की तो ती सोडत नाही, हे मी कचेरीत पाहिले आहे. शिवाय या दिवसांत समुद्र केव्हा फिरेल सांगता येत नाही, आणि बोटीवरून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना तू नेहमी उडी मारतोस. म्हणून माझे मत राहावे असे आहे. तू नको म्हणालास तरी लिहिले.

अभिप्राय पाठवतो, तुझ्या मामीच्या नावाचा. शेटजींना दे. पुस्तिका छापून झाली असली तरी दे.

"रत्नागिरी, पेठकिल्ला येथील सोनूबाई शिवलकर यांनी ही गोष्ट ऐकली व हुंकार दिला."

याहून अधिक मला लिहिता येत नाही. शत्रूचे हसणे कमी करावे, हे छापू नये, नुसते सांगावे.

आता विचारण्याचे. काल दुपारी तिला पेज भरवून झाल्यावर मी जवळ बसलो आणि म्हटले, "गंगाराम तिकडेच राहू दे, त्याच्या दुसऱ्या तबकड्या होऊ देत. खरं ना?" ती वाशाकडे पाहत राहिली. मला वाटले ऐकू गेले नाही, म्हणून मोठ्याने विचारले. तरी वाशाकडेच. मी म्हटले, आज तिचा दिवस बरा नाही, आणि उठू लागलो. तुळसा भांडी विसळत होती. तिथूनच म्हणाली, "बाबा, एकच बाजू काय वाजवताय? दुसरी लावा की."

मी दुसरे विचारत नव्हतो. तिने हो म्हटले आणि तू आला नाहीस तर तिला काय सांगू, ही मला भीती. पण विचारले. "येऊ दे त्याला?"

आणि लगेच पुढे बोलायला तोंड उघडले, की आला तर त्याच्या नोकरीचे असे होईल, बोटीचे तसे होईल. तुळसाने ओल्या हाताने माझा खांदा दाबला. तेव्हा गप्प बसलो. तुला इतके दिवस जे लिहीत होतो ते मला स्वतःला किती जड आहे, ते तेव्हा कळले. बाहेर कोणाची गुरे गेली. ती जमवीत होती.

खाली तिची ओळ लिहितो. काही सुधारलेले नाही.

रावजी

हं.